धाकट्याला बघून तापणारी मोटर

लागोपाठ तिसऱ्या रविवारी तलावाच्या मध्यावर मोटरने मान टाकली, तेव्हा दादा काही बोलले नाहीत. होडीत बोलण्याजोगं कुणी नव्हतं. धाकटा भाऊ होता, पण त्याच्याशी बोलणं बंद होतं.

दादांनी बोट जिभेला लावून मोटरच्या डोक्यावर टेकवलं. चर्रकन आवाज झाला. एरवी या मोटरच्या मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार सतत पडत असते. तलावाचं थंड पाणी खालून ओढायचं, अंगातून फिरवायचं आणि कोमट करून बाहेर टाकायचं, अशी तिची प्रकृती सांभाळायची रीत. वडिलांच्या काळापासून त्या धारेत खंड पडला नव्हता. आता ती आटली होती आणि भोकातून नुसती वाफ येत होती.

"थांबावं लागणार," दादा मोटरला म्हणाले.

"दिसतंय," धाकटा तलावाला म्हणाला.

धाकटा म्हणजे साठी ओलांडलेला, टक्कल पडलेला, चांगला भरभक्कम गृहस्थ. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवण्यात त्याची हयात गेली होती. निवृत्त झाला तरी त्याचा उजवा पाय अजून नोकरीत होता. बस असो, रिक्षा असो की कुणाची सायकल असो, समोर काही आडवं आलं की तो पाय हवेतला ब्रेक दाबायचा. भांडण झालं तेही या पायापायीच. या मोसमाच्या सुरुवातीला दादा होडी धक्क्याला लावत असताना धाकट्याने पाय दाबून सूचना सुरू केल्या. "दादा, हळू. डावीकडे घे. डावीकडे म्हणतोय ना. अरे, हळू!" दादांचं चित्त विचलित झालं, होडी खांबावर आदळली आणि धाकटा इस्त्रीच्या कपड्यांनिशी होडीच्या तळातल्या गढूळ पाण्यात बसला. त्यावर तो म्हणाला, की माझ्याकडे शिकायला आला असतास तर तुला पहिल्याच दिवशी घरी पाठवला असता. त्यावर दादा म्हणाले, "मग उतर माझ्या होडीतून."

होडी वडिलांची होती, म्हणजे दोघांची होती. दादांना ते तोंडातून शब्द बाहेर पडताक्षणीच कळलं, पण तोवर तोंडाने आपलं काम केलं होतं. धाकटा उतरला नाही. तो उठून होडीच्या अगदी टोकाला, नांगराशेजारच्या तिकोनी फळीवर जाऊन बसला, दादांकडे पाठ करून. तेव्हापासून दर रविवारी तो तिथेच बसत होता. आपला अर्धा हिस्सा तो असा बसून राखत होता.

आणि रविवार चुकवणं दोघांनाही शक्य नव्हतं. पलीकडच्या काठाला त्यांची थोरली बहीण राहायची. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिचं कुठे जाणंयेणं राहिलं नव्हतं. रस्त्याने तलावाला वळसा घालून जायचं तर दोन बस बदलाव्या लागायच्या आणि परतीची शेवटची बस जेवणाआधीच सुटायची. तेव्हा दोघे भाऊ रविवारी होडीने जात, ताईकडे जेवत, ताईशी दोन्ही बाजूंनी बोलत आणि परत येत.

त्या दिवशी मोटर काही थंड व्हायला तयार झाली नाही. होडी वाहत वाहत सहलीच्या भागात गेली. तिथे पायाने चालवायच्या बदकाच्या आकाराच्या बोटी भाड्याने मिळतात. अशाच एका पिवळ्या बदकात एक नवं जोडपं बसलं होतं. त्यांना दया आली. नवऱ्याने दोर बदकाच्या शेपटीला बांधला आणि दोघांनी पायडल मारायला सुरुवात केली. अशा रीतीने दोन वयस्क भाऊ, एक पुढे तोंड करून आणि एक त्याच्या पाठीकडे बघत, बदकाच्या मागून गंभीरपणे धक्क्याला लागले. धक्क्यावरच्या लोकांनी हसायचं टाळलं. ते जास्त लागलं.

घरी बातमी आधीच पोचली होती. दादांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. वहिनींनी ताट वाढलं, शेजारी पाणी ठेवलं आणि मग उभ्याउभ्याच सांगितलं.

"येत्या रविवारी शेवटचं. पुन्हा भर पाण्यात बंद पडली तर होडी विकायची."

"अगं, जुनी मोटर आहे. थोडं इकडेतिकडे..."

"मोटर जुनी आहे आणि तुम्हीही. वारा सुटला असता तर बदक काय करणार होतं?"

दादा जेवले, पण घास फिरत होता. होडी गेली असती तर वाईट वाटलं असतं, पण ते सोसता आलं असतं. रविवार गेला असता तर मात्र सोसणार नव्हतं. भांडणानंतर धाकटा त्यांच्या घरी आला नव्हता आणि ते त्याच्या घरी गेले नव्हते. जगात ती एक होडीच उरली होती, जिच्यात भाऊ आठवड्यातून एकदा नजरेसमोर असायचा. पाठमोरा का होईना, असायचा. ती पाठ दादांना हवी होती.

दादांचा जन्म पाणीपुरवठा खात्याच्या पंपावर गेला होता. पाणी कुठे अडतं हे आपल्याइतकं कुणाला कळत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. सोमवारी त्यांनी मोटर होडीवरून उतरवली आणि अंगणातल्या निळ्या पिंपाच्या काठाला आवळून बसवली. पिंपात पाणी भरलं, दोरी ओढली. मोटर सुरू झाली आणि धार अशी सुटली, की थेट शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेली. पेट्रोलचा वास असलेली धार. शेजारीण बाहेर येऊन बरंच बोलली. दादांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. मोटर चालू होती आणि तापत नव्हती.

तरीही त्यांनी कसर ठेवली नाही. खालचा पाणी ओढणारा रबरी पंखा काढून नवा बसवला. भोकात तार घालून फिरवली. मोटरच्या डोक्यात एक लहानशी झडप असते. पाणी तापलं की ती उघडते आणि पाण्याला वाट देते. ती दादांनी वहिनींच्या दुधाच्या पातेल्यात उकळून पाहिली. झडप वेळेवर उघडली. वहिनी पातेल्यात डोकावल्या.

"हे काय शिजतंय?"

"झडप आहे. चांगली आहे."

"मग ते पातेलंही आता मोटरलाच देऊन टाका," वहिनी म्हणाल्या आणि नवीन पातेलं आणायला बाजारात गेल्या.

मधल्या वारी दादा एकटेच होडी घेऊन पलीकडच्या काठापर्यंत जाऊन आले. धार अखंड. दुसऱ्या दिवशी त्यांनी धक्क्यावरच्या मेकॅनिकला सोबत घेतलं. या मेकॅनिकचं सगळ्या रोगांवर एकच औषध होतं, नवी मोटर. तो मधल्या फळीवर बसून जातायेता पूर्ण वेळ मोबाइलवर बोलत होता. मोटर तापली नाही. "बरी आहे की," तो उतरताना म्हणाला, "पण काका, नवीन घ्या." शुक्रवारी दादांनी वहिनींनाही नेलं. त्या पाण्याला घाबरतात, म्हणून मागे दादांच्या शेजारी, त्यांचा सदरा मुठीत धरून बसल्या. त्या दिवशीची धार तर बघत राहावी अशी होती.

रात्रीच्या जेवणाला दादा गंभीर होते. पंपावरच्या सवयीने त्यांनी एकेक कारण बाजूला काढत आणलं होतं, आणि आता एकच उरलं होतं.

"एकटा गेलो, तापली नाही," ते भाताकडे बघत म्हणाले. "मेकॅनिक होता, तापली नाही. तू होतीस, तापली नाही. धाकटा असला की तापते."

"काहीतरीच!"

"मी नाही म्हणत. मोटर म्हणते."

वहिनी आणि त्यांची धाकटी जाऊ यांचं बोलणं कधीच बंद झालेलं नव्हतं. उलट नवऱ्यांचं थांबल्यापासून ते वाढलं होतं. ताटं उचलली जाण्याआधी हे वाक्य फोनवरून धाकट्याच्या घरी गेलं आणि पाठोपाठ उत्तर आलं. वहिनींनी ते पदराला हात पुसत सांगितलं.

"भाऊजी म्हणाले, म्हणावं, मी येत नाही रविवारी. मोटरला माझा त्रास नको."

दादांचा हात ताटातच राहिला. इतके दिवस ते ज्याला घाबरत होते ते होडी विकण्याआधीच घडलं होतं, आणि त्यांनीच घडवलं होतं. मोटर नीट आहे, होडी नीट आहे, आणि उद्यापरवा आपण रिकाम्या टोकाकडे बघत एकट्याने तलाव ओलांडणार, हे चित्र त्यांना बघवेना. भाऊ कुणाचीही मोटर तापवत नाही. कारण दुसरं असणार. ते शोधायला हवं होतं.

शनिवारी सकाळी त्यांनी स्वतः भावजयीला फोन केला.

"त्याचं वजन किती आहे?"

"कोणाचं, दादा?"

"त्याचं. साधारण सांगितलं तरी चालेल."

"दादा, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"माझी बरी आहे. वजन सांग."

तिने सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर साहजिकच नवऱ्यालाही सांगितलं. धाकटा त्या वेळी दाढी करत होता. "आता माझ्या वजनावर आला!" तो आरशाला म्हणाला. त्याच्या गालावर वस्तरा लागला आणि भांडण आणखी एक पायरी वर चढलं.

दादांना याची गंधवार्ता नव्हती. शेजारी घराचं बांधकाम चालू होतं. तिथून त्यांनी वाळू मागून आणली, धाकट्याच्या वजनाइतकी पोती भरली आणि हातगाडीवरून धक्क्यावर नेली. पोती त्यांनी नांगराशेजारच्या तिकोनी फळीवर एकावर एक रचली. होडीचं टोक पाण्यात दबलं. दादा मागे बसले, दोरी ओढली आणि काठाकाठाने निघाले.

थोड्याच वेळात मोटरचा आवाज बदलला. भरदार गुरगुर पातळ झाली. धार अडखळली, फुरफुरली आणि थांबली. दादांनी बोट लावून पाहिलं. चर्र!

त्यांना इतका आनंद झाला, की आधी मोटर बंद करायचीच विसरले. मग बंद केली. ती निवल्यावर पुन्हा सुरू करून ते होडीच्या मागच्या कडेवर पालथे पडले आणि खाली डोकावून बघत राहिले. पुढचं टोक जेवढं खाली गेलं होतं तेवढा होडीचा मागचा भाग वर उचलला गेला होता. मोटरला पाणी ओढायला खालच्या बाजूला बारीक फटी असतात. त्या पाण्याच्या पृष्ठभागाशी आल्या होत्या आणि पाण्याऐवजी गुळगुळ करत हवा पीत होत्या. पंपाने हवा खाल्ली की काय होतं हे दादांना कुणी सांगायला नको होतं. अंगणातल्या पिंपात मोटर चांगली बुडालेली होती. वहिनी मागे बसल्या होत्या, मेकॅनिक मध्ये. टोकाला बसून मागची बाजू वर उचलणारा माणूस एकच होता, आणि तो तिथे का बसत होता हेही दादांना ठाऊक होतं.

खात्री करण्यासाठी त्यांनी पोती मध्ये ओढली. धार आली. पुढे ढकलली. धार गेली. अगदी मागे, आपल्या शेजारी आणली. उत्तम धार. हे त्यांनी इतक्या वेळा केलं, की धक्क्यावर गर्दी जमली. एक म्हातारा गृहस्थ मन लावून वाळूची पोती होडीत पुढेमागे फिरवतोय, हे लोक शांतपणे बघत होते. शेवटी दादा दमले. सर्वांत वरच्या पोत्यावर हात ठेवून ते म्हणाले, "जरा मागे सरक रे, बाबा."

भावाला इतके दिवस सांगायचं राहिलेलं वाक्य पोत्याला सांगून झालं होतं. दादा घाईघाईने घाम पुसू लागले.

आता हे धाकट्यापर्यंत पोचवायचं होतं. दादांनी वहिनींना शब्द न् शब्द सांगितला. "म्हणावं, मोटर तुझ्यामुळे तापत नाही, तुझ्या जागेमुळे तापते." वहिनींनी ते जावेला सांगितलं. जावेने ते स्वयंपाक करता करता धाकट्याला सांगितलं. उत्तर आलं: "म्हणावं, आता जागाही खुपायला लागली का? जागा वडिलांच्या वेळेपासूनची आहे."

"अगं, जागा सोड म्हणत नाहीये, मागे बस म्हणतोय!" दादा म्हणाले.

"मी सांगणार नाही," वहिनींनी फोन खाली ठेवला. "तुमच्या दोघांपायी आम्हा दोघींची भांडणं व्हायची वेळ आलीय. पाय आहेत ना? जा चालत."

दादा गेले. धाकट्याने दार उघडलं. त्याच्या गालावर पट्टी होती. दोघेही दारातच उभे राहिले. बोलणं बंद असल्यामुळे दादांनी आजूबाजूला पाहिलं आणि त्यातल्या त्यात बरं म्हणून चपलांच्या कपाटाकडे बघून बोलायला सुरुवात केली. टोकाला वजन आलं की मागची बाजू कशी उचलली जाते, पाण्याच्या फटी कशा उघड्या पडतात, हवा आत गेली की पंप कसा कोरडा फिरतो, सगळं त्यांनी त्या कपाटाला हातवारे करून समजावून सांगितलं. आतून भावजय आश्चर्याने ऐकत होती.

धाकटा पडद्याकडे बघत होता. "म्हणजे दोष माझा नाही," तो पडद्याला म्हणाला.

"कुणाचाच नाही," दादा कपाटाला म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "जागा दोघांचीच आहे. पूर्ण होडीच दोघांची आहे. मागाहून लक्षात येतं माणसाच्या."

पडदा हलला नाही. धाकट्याने मात्र घसा खाकरला.

"मागे दोघे मावायचे नाहीत," तो म्हणाला.

"सरकून बसलं तर मावतील."

रविवारी धाकटा आला. टोकाकडे त्याने एकदा पाहिलं, मग दादांच्या शेजारी बसला. फळी अरुंद होती. दोघांचे खांदे एकमेकांना टेकले. दादांनी दोरी ओढताना त्यांचं कोपर धाकट्याच्या बरगडीत गेलं. "चुकून," दादा मोटरला म्हणाले. "चालायचंच," धाकटा तलावाला म्हणाला, पण तलाव आता दादांच्याच बाजूला असल्यामुळे ते दादांना म्हटल्यासारखं झालं.

धार पडत होती. दोघेही वळूनवळून तीच बघत होते. बदकं आली, गेली. तलावाचा मध्य आला, गेला. पलीकडचा धक्का दिसू लागला तसा धाकट्याचा उजवा पाय आपोआप पुढे सरकला. दादांना तो दिसला. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि वेग कमी केला. पायाने दाबलं. वेग आणखी कमी झाला. पाय आणि मोटर अशा बरोबरीने चालली, की होडी धक्क्याला कधी टेकली ते कळलंदेखील नाही.

ताई काठी टेकत धक्क्यापर्यंत आली होती. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच इतकी चालली होती.

"वेळेवर आलात?" तिने विचारलं. "काय झालं?"

"मोटर बरी झाली," दोघे एकदम म्हणाले.

ताईने एका फळीवर दाटीवाटीने बसलेल्या दोन म्हाताऱ्या भावांकडे नीट बघून घेतलं. "मोटर होय," ती म्हणाली. "चला, जेवण निवतंय." पण वळताना तिने डोळे पुसले.

दोन दिवसांनी दादा होडी धुवायला धक्क्यावर गेले, तर मेकॅनिक होडीच्या मागे वाकून काहीतरी न्याहाळत होता.

"काका, मला कळलं तुमचं दुखणं," तो म्हणाला. "यंदा सुताराकडून ही मागची उभी फळी नवी बसवलीत ना? त्याने ती उंच ठेवलीय. मोटर फळीवर लटकते, म्हणजे तीही वर राहिली. म्हणून जरा काही झालं की हवा पिते. फळी दोन बोटं कापतो, मोटर खाली बसेल. मग कुणी कुठेही बसा. तुमचे भाऊ पुढे टोकाला बसले तरी धार जायची नाही. करवत घेऊन येऊ?"

दादांनी फळीकडे पाहिलं. पंपावरच्या माणसाला हे आधीच दिसायला हवं होतं, आणि आता तर अगदी स्पष्ट दिसत होतं.

"नको," ते म्हणाले.

"अहो, किरकोळ काम आहे. पैसेही नकोत."

"जुनी मोटर आहे. एकदा घडी बसलीय, तिला छेडायला नको."

मेकॅनिकने डोकं खाजवलं. "कमाल आहे. तुमचे धाकटे भाऊही काल हेच म्हणाले."

दादा वळले. "तो आला होता?"

"आले होते की. ते तर माझ्या अंगावरच आले. म्हणाले, फळीला हात लावलास तर बघ. आणि वर बजावून गेले, यातलं दादाच्या कानावर घालायचं नाही."

दादांनी बादली पाण्यात बुडवून भरली आणि मागची बसायची फळी धुवायला घेतली.

"मग नाहीच घातलंस तू," ते म्हणाले.